कूलरमधला आवाज

मुलींचा सिनेमा जेवणाच्या वेळेत मी ढकलला. समितीनं नव्हे, सभागृहाच्या व्यवस्थापकानं नव्हे. मी. आणि घरी येऊन मुलीला सांगितलं की समितीनं ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं.

जेवणाची वेळ म्हणजे काय, हे हैदराबादेत मराठी मंडळ चालवणाऱ्या कुणालाही विचारावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. ज्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची इच्छा नसते, असा कार्यक्रम वार्षिक संमेलनात आम्ही तिथं बसवतो. देणगीदारांच्या सुनेच्या कविता, कुणाच्या तरी भाच्याचं बासरीवादन. मी माइकवर सांगतो, "भोजनाची व्यवस्था मागच्या अंगणात केली आहे, दरम्यान रंगमंचावर..." आणि त्या 'दरम्यान'बरोबर अर्ध्या खुर्च्या मोकळ्या झालेल्या असतात. अपमान झाला असं कुणाला म्हणता येत नाही. ही युक्ती मीच बसवलेली. मंडळाचा कार्यवाह मी, निवेदकही मीच. रोज सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणाऱ्या माणसाला वर्षातून चार-पाच वेळा तो माइक हातात मिळतो, आणि त्या माइकवर माझा किती जीव होता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला होती. तिची मैत्रीण आमच्याच नल्लकुंट्यात दोन गल्ल्या सोडून राहते. तिची आई एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, वडील नाहीत. या दोघींनी उन्हाळ्याच्या सुटीत फोनच्या कॅमेऱ्यावर एक सिनेमा केला. परग्रहावरून आलेलं यंत्र, गच्चीवरची पळापळ, मारामारी, सगळं होतं त्यात. माझी मुलगी दिग्दर्शक आणि कॅमेरा, मैत्रीण नायिका. सुलतान बाजारातून रुपेरी कापडाचे तुकडे आणून त्यांनी पोशाख शिवले. शस्त्र म्हणून डास मारायच्या बॅटी घेतल्या, त्यातून ठिणगी उडते आणि चटचट आवाज येतो. आमच्या गच्चीवर पडलेल्या जुन्या कूलरचं खोकं स्वच्छ करून, त्याला रिक्षाचे दोन दिवे डोळे म्हणून लावले आणि खालच्या मजल्यावरच्या मुलाला आत उभं केलं. ते यंत्र. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बघत असे आणि खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत असे. एकदा मी स्वतः कूलर धरून उभा राहिलो होतो.

संमेलनात सिनेमा दाखवायचं मीच कबूल केलं होतं. वेळही चांगली दिली होती, सकाळी दीपप्रज्वलन झालं की लगेच, सभागृह भरलेलं असताना. मैत्रिणीच्या आईला हे सिनेमाचं वेड पसंत नव्हतं. इंटरचं वर्ष, त्यात हे काय, असं त्यांचं म्हणणं. पण लेकीनं गळ घातली की एकदा लोकांच्यात बसून बघ, मग काय ते बोल. त्यांनी त्यासाठी सकाळची ड्यूटी बदलून दुपारची घेतली. हे मला माहीत होतं. हे माहीत असूनच पुढचं मी केलं.

संमेलनाच्या आठवडाभर आधी मुलीनं घरातल्या टीव्हीवर आम्हा दोघांना सिनेमा दाखवला. माझी बायको पहिल्या मिनिटापासून हसत होती. मीही हसत होतो. मग कूलरचे डोळे पेटले आणि यंत्र बोललं.

"रसिकहो, कृपया आपापल्या जागी बसून घ्यावे. मधल्या वाटेत कुणीही उभे राहू नये. शांतता राखावी."

तो माझा आवाज होता. मुलीनं मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफितींतून माझी निवेदनं काढून घेतली होती, आवाज जरा जाड केला होता, बस्स. सिनेमात हे यंत्र असं बोललं की माणसं होती तिथं बसत. जिन्यात बसत, स्कूटरवर बसत, भाजीच्या गाड्यासमोर रस्त्यात बसत, आणि मग त्यांना उठता येत नसे. मग ते यंत्र त्यांच्यातली ताकद ओढून घेई. फक्त या दोन मुलींवर त्या आवाजाचा परिणाम होत नव्हता. का, तर नायिका एका ठिकाणी म्हणते, "आपण कधी प्रोग्राम संपेपर्यंत बसलोच नाही ना. म्हणून वाचलो."

बायकोनं डोळ्याला पदर लावला, इतकी ती हसत होती. मुलगी माझ्याकडे बघत होती. कसं वाटलं, तिनं विचारलं. मी म्हणालो, बरं आहे, थोडं लांबलंय. ती म्हणाली, "आवाज ओळखला ना? न विचारता घेतला. लाइट घ्या हां, पप्पा." लाइट घ्या म्हणजे मनाला लावून घेऊ नका, आमच्या शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. हौ, म्हणालो, घेतलं लाइट.

घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी दिवसभर 'जागी बसून घ्यावे' या एका वाक्यापाशी अडकलो होतो. इतकी वर्षं मी लोकांना जे सांगत आलो ते माझ्या मुलीला असं ऐकू येत होतं तर. पत्र्याच्या खोक्यातून. त्या संध्याकाळी समितीची बैठक होती. मी तिथं म्हणालो की मुलींचा लघुपट चांगला आहे, पण भाषेत फार मिसळ आहे, उर्दू काय, तेलुगू काय. बाहेरगावचे पाहुणे आहेत, सकाळच्या सत्रात ते बरं दिसणार नाही. जेवणाच्या वेळी लावू. भाषेत मिसळ होतीच. आमच्या सगळ्यांच्या भाषेत असते, त्या बैठकीतही होती. पण कारण ते नव्हतं. माझ्या स्वतःच्या मुलीविषयी मीच बोलतोय म्हटल्यावर कुणी काय बोलणार. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि आमचे अध्यक्ष, ऐंशीच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं."

घरी सांगितलं तेव्हा मुलीनं एवढंच विचारलं, "तुम्ही बोलला होता ना त्यांना, आमच्यासाठी?"

मी म्हणालो, "बोललो."

संमेलन चिक्कडपल्लीतल्या एका भाड्याच्या सभागृहात होतं. सकाळचं नाट्यगीतांचं सत्र लांबलं. गाणाऱ्यांना थांबवणं माझं काम होतं आणि एरवी मी चिठ्ठी पाठवून थांबवतो. त्या दिवशी पाठवली नाही. अखेर जेवणाची घोषणा केली, 'दरम्यान'सुद्धा म्हणालो, आणि खुर्च्या वाजायला लागल्या. दिवे मालवले तेव्हा सभागृहात मुलींचे चार-पाच मित्र होते, माझी बायको होती आणि तिसऱ्या रांगेत मैत्रिणीच्या आई होत्या. कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. त्यांना दोनला दवाखान्यात पोचायचं होतं.

मी विंगेत उभा होतो. पडद्यावर ती मुलगी भर उन्हात गच्च्यांवरून पळत होती, एका कठड्यावरून दुसऱ्यावर, रुपेरी ओढणी मागे उडत होती. खरंच सुंदर पळत होती. तिच्या आईनं एकदा मागे वळून पाहिलं. मागे रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, उठल्या, लेकीजवळ गेल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या 'छान' एवढंच म्हणाल्या, हे मला नंतर कळलं. घरी गेल्यावर मात्र त्या लेकीला म्हणाल्या होत्या की एवढ्या उन्हात पळालीस, पण बघायला कोण होतं.

त्या गेल्या आणि पडद्यावर कूलरचे डोळे पेटले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या अंगणात, जेवणाच्या मांडवात, एक स्पीकर लावलेला असतो. तोही माझाच हट्ट. अमक्या रंगाची गाडी फाटकातून काढा, पुढचं सत्र सुरू होतंय, रांग मोडू नका, हे जेवणाऱ्यांनाही ऐकू जावं म्हणून. तो स्पीकर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इतका वेळ त्यातून पावलांचे, वाऱ्याचे आवाज येत असतील, जेवणाच्या गलक्यात कोण ऐकतो. पण आता मांडवावर माझा आवाज गरजला.

"रसिकहो, कृपया आपापल्या जागी बसून घ्यावे."

मांडवात जे झालं ते मला बायकोच्या बहिणीनं नंतर सांगितलं. सगळे थबकले. कुणी वरणाची वाटी उचलली होती, कुणाची पोळी तव्यावरून यायची होती. एक काका म्हणाले की आत्ता तर उठवलं, परत बसवतोय. दुसरे म्हणाले की पाहुण्यांना गाडी गाठायची असेल, सत्कार आत्ताच उरकत असणार. तेवढ्यात स्पीकर पुन्हा म्हणाला की मधल्या वाटेत कुणीही उभे राहू नये. आवाज नेहमीपेक्षा जाड होता, म्हणून लोकांना वाटलं मी चिडलोय. इतक्या वर्षांची सवय. लोकांनी ताटं उचलली आणि कुरकुरत, एकमेकांना ढकलत, सभागृहाकडे निघाले.

मी विंगेतून पाहिलं तर मागच्या दारातून माणसं आत येत होती. हातात ताटं, काखेत पिशव्या, कडेवर मुलं. आधी दहा-वीस, मग लोंढाच. अंधारात काही दिसेना, कोण कुठं बसतोय कळेना, म्हणून बरेचसे मधल्या वाटेतच उभे राहिले. सगळे स्टेजवर मला शोधत होते. स्टेजवर मी नव्हतो. पडद्यावर पत्र्याचं एक कूलर होतं, त्याचे नारिंगी डोळे लुकलुकत होते आणि ते माझ्या आवाजात म्हणत होतं, "शांतता राखावी."

क्षणभर खरोखर शांतता झाली. मग अंधारातून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर आपला कार्यवाह."

असं हसणं मी आमच्या मंडळात कधी ऐकलेलं नाही. आम्ही टाळ्या वाजवणारे लोक, त्याही मोजून. त्या दिवशी सभागृह हललं. कूलरनं पुन्हा तोंड उघडलं की लोक त्याच्याबरोबर माझी वाक्यं म्हणायला लागले. सगळ्यांना पाठ होती. आणि पडद्यावर बसलेली माणसं उठू शकत नाहीत हे कळलं तेव्हा उभं राहून जेवणारे सगळे एकमेकांकडे बघून आणखी हसले. चिक्कडपल्लीच्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, ओरडल्या, "बसू नका रे कुणी, बसलात की मेलात."

मग नायिका आली. गच्चीच्या टाकीमागून, हातात दोन बॅटी, ठिणग्या उडवत. हैदराबादेत मोठ्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला हिरो आला की लोक कागदाचे तुकडे उडवतात, थेटर पांढरं होतं. आमचं मंडळ त्या जातीचं नाही, असं मी समजत होतो. पहिला तुकडा कुणी उडवला ठाऊक नाही. पण लोकांच्या हातात ताटाबरोबर कागदी रुमाल होते, आणि बघता बघता त्यांचे तुकडे होऊन हवेत गेले. पडद्यासमोरच्या उजेडात ते भुरभुर खाली येत होते. काकूंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. आमचे अध्यक्ष, ज्यांना मी कधी मोठ्यानं खोकतानाही पाहिलं नव्हतं, ते पुढच्या रांगेत उभे राहून अगदी मन लावून एक रुमाल फाडत होते. तरुणपणी पहिल्या खेळाची रांग त्यांनी कधी चुकवली नव्हती, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

माझी मुलगी लॅपटॉपजवळ उभी होती. तोंडावर दोन्ही हात. तिच्या केसांत कागद अडकले होते. मैत्रीण तिच्या शेजारी होती आणि ती पडद्याकडे बघत नव्हती. गर्दीत मागे, दाराकडे बघत होती, आई अजून असेल म्हणून.

सिनेमा संपला. मुलींनी गल्लीतल्या बसलेल्या माणसांना एकेकाला हात देऊन उठवलं, सगळे उभे राहिले तसं कूलरमधून धूर निघाला आणि माझा आवाज घरघरत बंद पडला. लोकांनी परत लावा, परत लावा असा धोशा लावला. वरणभात थंड झाला. दुपारच्या सत्रात माझं कार्यवाहाचं मनोगत होतं, ते रद्द करून सिनेमा पुन्हा दाखवला, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांनी गाडी चुकवून तो पाहिला. भाषेची मिसळ? पाहुण्यांपैकी एक बाई जाताना नायिकेकडून "नक्को रे बावा, अपुन को नै बसना" हे वाक्य नीट म्हणायला शिकून गेल्या.

इथं मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट असं मला वाटतं. अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं, माझा खांदा धरला आणि माइकवर सांगितलं, "जेवणाच्या वेळी लावतो आणि आपल्याच आवाजानं लोकांना परत बोलावतो. स्वतःची अशी थट्टा करून घ्यायला मोठं मन लागतं. हा सगळा याचाच बेत." टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कार केला. खाली मुलगी टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर माझा अभिमान होता. समितीचं नाव मी बेत लपवायला पुढे केलं, असं तिनं धरलं होतं.

त्यानंतर सिनेमा खूप फिरला. तिच्या कॉलेजात दाखवला, नल्लकुंट्यात आमच्या गच्चीवर चादर बांधून दाखवला, बरकतपुऱ्यातल्या तेलुगू शेजाऱ्यांनी आपल्या गणपतीत दाखवला. शब्द न कळता तिथली पोरं कूलरला शिव्या घालत होती. भाजीवाला मला बघून गाड्यामागे खाली बसायचा आणि उठताच येत नाही असं नाटक करायचा. मला राग येत नव्हता. खरं सांगायचं तर त्या आवाजावर माझं पहिल्यांदाच प्रेम बसलं. पण प्रत्येक खेळानंतर मुलगी सर्वांना सांगायची की पप्पांची आयडिया होती, आणि मी हसायचो. मैत्रिणीच्या आई कधी खेळाला आल्या नाहीत. लोकांनी शिट्ट्या मारल्या हे लेकीनं सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, पोर माझ्या समाधानासाठी बोलते. त्यांनी डोळ्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्या.

यंदाच्या मे महिन्यात दोघींनी दुसरा भाग लिहायला घेतला. आईनं मैत्रिणीला फक्त सुटीच्या दिवशी परवानगी दिली होती. या भागात यंत्र पुन्हा जिवंत होतं आणि नवी वाक्यं बोलतं. तेव्हा या वेळी माझा आवाज रीतसर मागण्यात आला. एका रविवारी दुपारी मुलीनं मला बायकोच्या कपाटासमोर बसवलं. साड्यांमध्ये तोंड घालून बोललं की आवाज घुमत नाही म्हणे. पंखा बंद केला होता, घामाच्या धारा लागल्या होत्या. मुलीच्या कानाला हेडफोन, मैत्रिणीच्या हातात माझी वाक्यं. पहिलं वाक्य होतं: "रसिकहो, मी परत आलो आहे. माझे काहीही चुकले नव्हते."

मी ते तीनदा वाचायचा प्रयत्न केला. दर वेळी 'चुकले'पाशी अडलो. मैत्रिणीनं पाणी आणलं. मुलगी म्हणाली, सोपं वाक्य आहे, पप्पा.

मग मी साड्यांकडे तोंड करून म्हणालो, "गतवर्षी सदर लघुपटाच्या वेळेत ऐनवेळी जो बदल करण्यात आला, त्याबद्दल कार्यवाह या नात्याने मी मनःपूर्वक दिलगिरी..."

मुलीनं एका कानावरून हेडफोन काढला. "हे कुठलं वाक्य? यात नाहीये." मग माझा चेहरा पाहून तिनं तो परत लावला नाही. "काय झालं? माणसासारखं बोला ना, पप्पा."

मी कपाटाकडून वळलो. दोघी माझ्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. फोनवरचा लाल ठिपका अजून चालू होता, तो बंद करा असं मी म्हणालो नाही.

"वेळ समितीनं बदलली नव्हती," मी म्हणालो. "मी बदलली. त्या कूलरमध्ये माझा आवाज ऐकला आणि मला झोंबलं. भाषेचं निमित्त केलं. तुला खोटं सांगितलं. लोक परत आले ते चुकून आले, त्यात माझा काही बेत नव्हता, आणि तरी मी टाळ्या घेतल्या. हे मी मंडळात माइकवर सांगणार आहे." मग मी तिच्या मैत्रिणीकडे पाहिलं. "तुझ्या आईनं ज्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, त्या मी रिकाम्या केल्या होत्या, बाळा. तुझ्या कामात काही कमी नव्हतं. आज संध्याकाळी त्या घरी असतील तर मी येतो आणि त्यांना हेच सांगतो. तुम्ही दोघींनी फार चांगला सिनेमा केला होता. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझं चुकलं. मला माफ करा."